मी कावीळ लिहीत होते

कोपऱ्यावरच्या गाळ्याला शटर बसले, त्या सकाळी मी आणि आशाताई लसींचा डबा घेऊन उपकेंद्राकडे निघालो होतो. शिरोली एमआयडीसीच्या मागच्या फाटकातून निघालेला रस्ता जिथे आमच्या गावाकडे वळतो, त्या वळणावरच तो गाळा. वेल्डिंगचा जळका वास हवेत तरंगत होता आणि त्याची लोखंडी चव जिभेवर उतरत होती. दोन माणसे शटर वर-खाली करून पाहत होती. वर जाताना ते गडगडे, खाली येताना किंचाळे. पलीकडच्या उसाला तुरे आले होते. वारा नसतानाही ते हलल्यासारखे वाटत होते.

पाटी लागायची होती, पण गावाला सगळे ठाऊक होते. हायवेच्या पलीकडे असलेले देशी दारूचे दुकान इथे हलवायचे होते. परवाना जुनाच, जागा तेवढी नवी.

आशाताई थांबली. ती गावची आशा कार्यकर्ती. तिला सगळे तिच्या कामाच्या नावानेच हाक मारत, मीही तशीच मारत असे. मी त्या उपकेंद्राची आरोग्यसेविका, गावाच्या तोंडी सिस्टर. बारा वर्षे आम्ही दोघींनी एकत्र घरे पालथी घातली होती. तिचा नवरा फौंड्रीत मोल्डर होता, वाळूचे साचे करणारा. लग्नापासून पीत आलेला तो माणूस धाकटा भाऊ गेल्यावर थांबला, त्याला वर्ष होत आले होते.

"हितनं आमचं घर किती लांब असंल सिस्टर?" तिने विचारले.

"पाच मिनिटं."

"आनि फाटकापासनं हितं?"

"तेवढंच असेल."

"म्हंजी बरोबर मधी." ती गाळ्याकडे पाहत राहिली. आमच्याकडच्या बायकांप्रमाणे तीही स्वतःविषयी पुरुषासारखे 'जातो, येतो' म्हणे. "मी खरं सांगतो. ह्यो माणूस देवानं वाचवला न्हाय. हायवे वलांडून दोन किलोमीटर जायाच्या कंटाळ्यानं वाचवलाय. आता कंटाळा करायला जागाच न्हाय की."

मी हसले. ती हसली नाही.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. अशा सभेला बायका एरवी कडेला बसतात. त्या दिवशी त्या सतरंजीच्या मध्यावर येऊन बसल्या. परवान्याचा मालक दुसऱ्या तालुक्यातला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, गोड बोलणारा. गावात नवखा म्हणून सगळे त्याला 'पावणं' म्हणू लागले होते, आणि ते त्याला आवडतही असावे.

"पावणं, तुमच्या गावात का काढत न्हाय दुकान?" एका म्हातारीने विचारले.

"आमच्या गावात हाय की आधीच, मावशी."

सभा हसली. म्हातारीही हसली, मग म्हणाली, "म्हंजी गाव संपलं तुमचं. आता आमचं." तेव्हा हसणे थोडे उशिरा विरले.

ग्रामसेवकाने कागद वाचून दाखवला. शाळेपासूनचे अंतर टेपने मोजले होते, देवळापासूनचेही. दोन्ही नियमात बसत होती. आशाताई उठून उभी राहिली. पदर तिने दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

"शाळेपासनं मोजलं, देवळापासनं मोजलं. फौंड्रीच्या फाटकापासनं मोजलं का कुणी? माझ्या उंबऱ्यापासनं?"

ग्रामसेवकाने कागद पुन्हा चाळला; त्यावर तसा रकानाच नव्हता. अखेर ठराव झाला: गावाची हरकत आहे, आणि दारूने या गावाचे काय केले याचा आरोग्य केंद्राकडून अहवाल घेऊन तो हरकतीला जोडावा. एरवी दुकान कुठे उघडावे हे आम्हाला कुणी विचारत नाही. माणूस पडला की आम्हाला बोलावतात; तो जिथे पडणार ती जागा ठरवताना बोलावत नाहीत. म्हणून अहवाल मागणारे ग्रामपंचायतीचे पत्र आले, तेव्हा आमच्या तरुण डॉक्टरांना आनंद झाला.

"सिस्टर, गेल्या पाच वर्षांच्या मृत्यूच्या नोंदी काढा," ते म्हणाले. "आपल्याला वेगळं काही म्हणायची गरजच नाही. तुमची वहीच बोलेल."

वही बोलणार होती. मला त्या वाक्याची भीती वाटली. का, ते लगेच उमगले नाही.

दुपारी उपकेंद्रात आम्ही दोघी नोंदवह्या घेऊन बसलो. फिनाईलने पुसलेली फरशी अजून ओली होती. खिडकीच्या जाळीवर फौंड्रीची काळी धूळ बसलेली. तिच्यातून गाळून येणारा प्रकाश धुवट, जुना वाटत होता. मृत्यूच्या नोंदींची वही मी उघडली. अक्षर माझेच. महाविद्यालयात कविता शिकले, तेव्हापासून मोजके लिहिण्याची मला सवय; नोकरीत पुढे ती आणखी घट्ट झाली. मरणाच्या कारणाचा रकाना अरुंद असतो, त्यात एक शब्द मावतो. मी तो एक शब्द सुबक लिहीत आले होते.

कावीळ. पोटात पाणी. कावीळ. अशक्तपणा. पाय घसरून पडून. कावीळ. झोपेत. कावीळ.

सुरुवात कशी झाली ते आठवते. नोकरीची पहिलीच वर्षे. एका घरी कर्ता पुरुष गेला होता. अंगणात माणसे टेकली होती, चुलीत राख होती आणि घरभर तो वास: आंबलेला, गोडसर, गोधड्यांत मुरलेला. त्याची बायको मला परसात घेऊन गेली. तिचा श्वास माझ्या कानाशी गरम लागत होता. "सिस्टर, तुमच्या वहीत दारूनं असं लिवू नका. लेकीला बघायला येणार हायती. लोकं वही वाचत न्हाईत, पर लिवलेलं भाईर येतंयच." मृताचे डोळे मी पाहिले होते, हळदीच्या पाण्यासारखे पिवळे. मी कावीळ लिहिले. ते खोटे नव्हते. कावीळ झालीच होती. फक्त ती कुठून आली ते मी लिहिले नव्हते.

त्या शब्दाचा मला आधार वाटू लागला. उच्चारताना शेवटी जीभ मागे वळून टाळूला टेकते आणि तिथेच थांबते, पुढे काही विचारत नाही. आमची सिस्टर समजून घेते, असे गावात पसरले. बायका परसात नेऊन सांगत, मी मान डोलवत असे. मला वाटे, मेलेल्याला यातून काही तोटा नाही आणि जगणाऱ्यांचे झाकून जाते.

आशाताई पाने उलटत एका ओळीवर थांबली. तिच्या दिराची ओळ. वय लहान. कारण: कावीळ.

"हे मीच सांगितलंतं तुमास्नी," ती म्हणाली.

"हो."

"सासूनं मला फुडं घातलंतं. तू सिस्टरबरं काम करतीस, तूच सांग म्हनाली."

"हो, आठवतं मला."

ती त्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. नखात मेंदीचा जुना तांबूस चंद्र उरला होता.

"मी सांगितलं तर तुमी ऐकलं कशापायी?"

बारा वर्षांत ती माझ्याशी असे कधी बोलली नव्हती. बाहेर नळाची तोटी गळत होती. मी वही पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. पाच वर्षांच्या पानांत 'दारू' हा शब्द एकदाही नव्हता.

डॉक्टरांनी वही दोनदा पाहिली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. "ही वही वाचून कुणीही म्हणेल, या गावाला पाण्याचा आजार आहे," एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी मार्ग सुचवला. ज्या घरांत अशी मरणे झाली, तिथे परत जायचे, विचारायचे, आणि घरच्यांनी सांगितलेले त्यांच्या सहीने लिहून घ्यायचे.

आम्ही अकरा दिवस फिरलो. ऊन उतरू लागले की निघायचे आणि दिवेलागणीच्या आत परतायचे. पाच वर्षांआधीची घरेही घेतली होती; त्यांतल्या एका घरी तीच पहिली बाई भेटली, जिने मला परसात नेले होते. ती शेंगा फोडत बसली होती. टरफलांचा कोरडा आवाज तिने थांबवला नाही.

"लेक कागलात दिल्या. तिच्या सासरी बाप काविळीनं गेला म्हनून सांगितलंय. नातवंडं झाली तिला," ती म्हणाली. "आता मेलेल्याला परत मारायला आलाय व्हय?"

"दुकान गावात येतंय मावशी."

"येऊ दे की. माझ्या घरात आता प्यायला कोन उरलंय?"

दुसऱ्या घरी म्हातारे शिंपीचाचा मशीनवर बसले होते. त्यांचा मुलगा आमच्या वहीत अशक्तपणाने गेला होता. त्यांनी पायडल थांबवले, चष्मा काढला, आणि चाकावर तळहात टेकवून ते फिरू नये असे धरून ठेवले. "सिस्टर, नमाजी घर आहे आमचं. त्याच्या नावापुढं हा शब्द नका लावू. तुमच्या डॉक्टरांना मी तोंडानं सगळं सांगतो. रोज येऊन सांगतो. कागदावर नको."

सगळ्यांचे हेच म्हणणे. तोंडाने सांगतो, कागदावर नको. विहाराशेजारच्या एका बाईने मात्र कागद मागून घेतला, स्वतः वाचला, एक चूक दुरुस्त करायला लावली आणि पूर्ण नावाची सही केली. आणखी एका विधवेने अंगठा दिला. तिसरी सही आशाताईची होती, दिरासाठी. ती तिने घरातल्या कॉटवर बसून केली, सासूच्या डोळ्यांदेखत. म्हातारी उठली, चहाचे भरलेले कप आमच्यासमोरून उचलले आणि मोरीत ओतले. तिचा मोठा मुलगा, आशाताईचा नवरा, दाराच्या चौकटीला टेकून पाहत होता. त्याच्या भुवयांत फौंड्रीची वाळू होती.

"तिची सही खरी हाय, आई," तो म्हणाला.

त्या दिवसापासून सासू सुनेशी बोलली नाही.

तीन जबाब, दारूच्या भांडणांतल्या जखमांना टाके घातल्याच्या नोंदी आणि डॉक्टरांचे दोन पानी मत. एवढा आमचा अहवाल झाला. सुनावणी कोल्हापुरात, एका जुन्या कचेरीच्या वरच्या मजल्यावर होती. जिन्यात ओलीचा वास, वर कागदांचा. पंखा फिरत होता, पण त्याचा वारा टेबलापर्यंत पोहोचत नव्हता. अधिकारी शांत, नेटके. बोलण्याआधी पेनचे टोपण लावून ठेवणारे.

पावण्यांनी आमच्या वहीच्या प्रती आणल्या होत्या. माहितीच्या अधिकारात त्यांनी त्या रीतसर मागवल्या होत्या, आणि रीतसर दिल्याही गेल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. घाई केली नाही.

"कावीळ. पोटात पाणी. कावीळ. अशक्तपणा. कावीळ."

माझ्याच शब्दांना त्यांच्या तोंडी एक ठेका आला होता. आरतीला टाळ धरावा तसे ते प्रत्येक शब्दापाशी बोट टेबलावर टेकवत होते. सोबत आलेल्या बायका खाली पाहू लागल्या. त्यांतल्या दोघींची माणसे त्या यादीत होती.

"साहेब, हे मी लिहिलेलं न्हाय," वाचून झाल्यावर ते म्हणाले. "आरोग्य खात्याचं हस्ताक्षर हाय. पाच वर्षांत दारूनं एक मानूस मेलेला न्हाय ह्या गावात. पान्यानं मेल्यात बिचारी. माझं मन हेलावलं. मी शाळेला पाणी शुद्ध करायचं मशीन द्यायला तयार हाय."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. "हे अक्षर तुमचं?"

"हो."

"यात लिहिलेलं खरं आहे?"

डॉक्टरांनी आदल्या दिवशी मला सावध केले होते. 'अपुरी नोंद' म्हणा, 'चुकीची' म्हणू नका, नोकरीवर येईल. पण माझ्या शेजारी आशाताई बसली होती. तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकला होता. मी उभी राहिले आणि सगळे सांगितले. परसातली कुजबूज, बघायला येणारी माणसे, गोधड्यांतला वास. ही माणसे दारूने गेली, हे मला माहीत होते. दयेपोटी मी ते लिहायचे टाळले, असे मी म्हणाले. क्षणभर मला हलके वाटले, ताप उतरल्यावर अंग हलके होते तसे.

अधिकाऱ्यांनी मला पूर्ण बोलू दिले. मग पेनचे टोपण लावले.

"मला तुमच्याविषयी आदर वाटतो," ते म्हणाले. "पण माझी अडचण समजून घ्या. तेव्हा तुम्ही या बायकांच्या दयेपोटी खोटं लिहिलंत. मग आजचा हा अहवालही त्यांच्याच दयेपोटी लिहिला नसेल, हे मी कशावरून मानू?"

डॉक्टर बोलायला उठले. जखमांविषयी बोलले, यकृताविषयी बोलले, तीन जबाबांविषयी बोलले. सगळे लिहून घेतले गेले. पण तो प्रश्न टेबलावर तसाच पडून होता आणि त्याच्यापुढे आमचा प्रत्येक कागद संशयास्पद दिसत होता. जिना उतरताना बायका माझ्या पुढे चालत होत्या. एरवी त्या माझ्यासाठी थांबत.

आदेश आला तो छोटा होता. अंतर नियमात आहे. हरकतीला पुरेसा आधार नाही. कचेरीने आणखी एक पत्र धाडले, ते माझ्यासाठी: खोट्या नोंदींबाबत खुलासा करावा. मी तो केला. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

दुकान उघडले. पहिल्या दिवशी दाराला झेंडूचे तोरण होते आणि पावण्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना पेढे दिले. पाण्याचे मशीनही शाळेत बसले. त्याच्यावर त्यांचे नाव आहे आणि मुले ते रोज वाचून पाणी पितात.

मी आता खरे लिहिते. पण वहीत लिहायला माणसे मला दिसेनाशी झाली आहेत. सिस्टर दारू लिहिते, हे गावाला कळले आहे. मी वळले की ओसरीवरचे बोलणे थांबते. मागच्या महिन्यात एक माणूस दोन दिवस रक्ताची उलटी करत घरात पडून होता. दार आतून बंद होते आणि त्याची बायको मला खिडकीतून सांगत होती, "गावाला गेल्यात ते." तिच्या मागून, काळोख्या खोलीतून, कोरड्या ओकारीच्या उबळीचा आवाज मी ऐकला. तिनेही ऐकला. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो आणि तिने खिडकी लावून घेतली. मी डॉक्टरांना फोन केला. गाडी आली, तोवर त्याला रिक्षातून कुठेतरी नेले होते. कुठे, हे अजून मला कुणी सांगितलेले नाही.

आशाताईने हार मानलेली नाही. दुकान बंद करायला बायकांचे मतदान घेता येते: कागदावर एक उभी बाटली, एक आडवी, आडवीवर शिक्का मारला की बंद करा, असा अर्थ. मतदान गुप्त असते. पण त्या मतदानाची मागणी करायला आधी नावानिशी सह्या लागतात, आणि त्या सह्या खऱ्या की खोट्या हे तपासायला अधिकारी गावात येऊन एकेकीला सगळ्यांसमोर विचारतात. आशाताई कागद घेऊन फिरते. ज्या घरांत आम्ही दोघी फिरलो, तिथे ती आता एकटी जाते. माझे येणे बरे नाही, असे तीच म्हणाली, आणि ते खरे आहे.

रोज दुपारी चारच्या भोंग्याला मात्र ती सगळे टाकून कोपऱ्यावर उभी राहते. नवरा पाळीवरून सुटतो, ती त्याच्यासोबत घरी जाते. दुकानाच्या बाजूने ती चालते, तो पलीकडून.

परवा ती एका बाळंतिणीला घेऊन कोल्हापूरला गेली. जाताना म्हणाली, "सिस्टर, चार वाजता कोपऱ्यावर तेवढं थांबाल का?"

मी थांबले. भोंगा झाला. तो इथे कानाला ऐकू येण्याआधी दातांत जाणवतो. फाटकातून माणसे येऊ लागली, काळ्या वाळूने माखलेली, घामाने चमकणारी. निम्मी वळणावरून सरळ गेली. निम्मी गेली नाहीत. उघड्या दारातून तोच आंबलेला, गोडसर वास रस्त्यावर आला होता. पूर्वी तो ओळखायला मला कुणाच्या तरी घरात शिरावे लागे.

तो आला. हातात जेवणाचा डबा. मला पाहून थबकला.

"आज तुमची डूटी व्हय सिस्टर?" तो हसला.

"ती कोल्हापूरला गेलीय."

"ठावं हाय." त्याने दाराकडे पाहिले नाही. पायांकडे पाहिले. "हितं आलं की पायास्नी आधी कळतंय बगा. डोक्याला मागनं कळतंय."

"चला. मी येते घरापर्यंत."

"आज तुमी याल. उद्या ती यील. रोज कोन तरी येत ऱ्हाणार हाय व्हय?" त्याने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. आतला चमचा किणकिणला. "अजून गेलो न्हाय. तिला सांगा. अजून न्हाय."

आम्ही चालू लागलो. दुकानाच्या बाजूने मी, पलीकडून तो. तेवढ्यात दारातून आवाज आला, मोकळा, मैत्रीचा, त्याच्याच साच्यावर काम करणाऱ्या कुणाचा तरी:

"काय पैलवान, बायकू गेली तर आज नर्सबाईच्या ताब्यात व्हय? ये की रं, घटकाभर बस."

चार-पाच जण हसले. त्याने मागे वळून पाहिले नाही. पण त्याची चाल मंदावली, मग आणखी मंदावली. मी दोन पावले पुढे गेले होते. तिथेच थांबून मी हात थोडा त्याच्याकडे केला, लहान मुलाला रस्ता ओलांडताना करतात तसा, आणि तो पुढचे पाऊल कुठे टाकतो याची वाट पाहत राहिले.